कड्यावरच्या छोट्या हॉटेलात राहायला जाताय? मग एवढं विचारून जावा

आम्हा बेळगावकरांचं एक ठरलेलं आहे बघा, शुक्रवारी रात्री जेवताना कुणीतरी म्हणायचं ‘चला की वेंगुर्ल्याला’ आणि शनिवारी सकाळी सहाला गाडी हिंडलग्याच्या पुढं. बुकिंग आंबोलीत चहा पिता पिता. फोटोत खाली निळा समुद्र, वर कौलारू घर, बाल्कनीत दोन खुर्च्या, की लगेच पैसे पाठवून मोकळे. मीपण असंच करायचो, तीन-चार वेळा चांगला फसलो, तेव्हा कुठं कळलं की कड्यावरचं हॉटेल हे बीचवरच्या हॉटेलापेक्षा वेगळंच प्रकरण आहे. तिथं फोटो बघून नाही, वारा आणि भरती बघून रूम घ्यायची.

सगळ्यात आधी फोन करा. ॲपवर बुक करायचं असेल तरी आधी फोन. सात-आठ खोल्यांचं हॉटेल असतं, फोन मालकच उचलतो नाहीतर त्याची बायको, आणि कोकणातली माणसं सरळ विचारलं तर सरळ सांगतात. मी पहिला प्रश्न हाच विचारतो, खाली पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या किती? ‘जवळच आहे’ हे उत्तर चालवून घ्यायचं नाही, आकडा विचारायचा. एकदा आईला घेऊन गेलो होतो, मालक म्हणाला पाच मिनिटांत बीच. पाच मिनिटं खरी होती, पण जांभ्या दगडाच्या गुडघाभर उंच पायऱ्या, कठडा नाही, मध्ये दोन ठिकाणी नुसती निसरडी माती. आई दोन दिवस वरच खुर्चीत बसली आणि जाताना म्हणाली, समुद्र बघितला पण पायाला लागला नाही. तेव्हापासून घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर मी आधीच सांगून टाकतो, तिथं समुद्र बघायला जायचं, समुद्रात जायला नाही.

आता रूम. सी व्ह्यू म्हणजे पश्चिमेची भिंत, आणि पश्चिमेची भिंत म्हणजे दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. मार्च ते मे मध्ये ती भिंत रात्री दहापर्यंत गरम लागते, हात लावून बघा. आपण अडीच हजार फुटांवरून खाली जातो, आपल्याला तो घाम झेपत नाही हो. म्हणून बाल्कनीवर पुढं आलेलं कौलांचं पाखं आहे का ते विचारायचं, आणि खिडक्या समोरासमोर आहेत का. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री उशिरा उलटा, जमिनीकडून समुद्राकडं. एकाच बाजूला खिडकी असली की पहाटे चारला वारा बंद आणि तुम्ही जागे. एसी आहे म्हणतात, पण खाऱ्या हवेत एसीच्या बाहेरच्या युनिटचं काय होतं ते बघितलंय मी, गंजून चाळण. तेव्हा एसी असो नसो, पंखा जोरात फिरतो का ते आत गेल्या गेल्या बघायचं आणि बॅग उघडायच्या आधी रूम बदलून मागायची, नंतर कुणी बदलत नाही.

सूर्यास्ताचं एक सांगतो, हे सहसा कुणी सांगत नाही. सूर्य बरोबर पश्चिमेला फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या वीस-बावीस तारखेच्या आसपास मावळतो. समुद्राकडं तोंड करून उभं राहिलं तर डिसेंबरात तो बराच डावीकडं जातो, मे-जूनमध्ये उजवीकडं. म्हणजे डाव्या हाताला डोंगराचं टोक समुद्रात घुसलेलं असेल तर नाताळच्या सुट्टीत तुमचा सूर्य त्या टोकामागं बुडणार, पाण्यात नाही. फोटो मे मधला असतो आणि आपण जातो डिसेंबरात, मग चिडचिड. मालकाला विचारायचं, ‘आत्ता या महिन्यात कुठल्या खोलीतून दिसतो?’ त्याला रोज दिसतंय, तो बरोबर सांगतो.

भरती-ओहोटीशिवाय कड्यावर राहण्याला काही अर्थ नाही, कारण बऱ्याच ठिकाणी खालची वाळूची पट्टी भरतीला गायबच होते, पाणी थेट दगडाला लागतं. यासाठी कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. दोन्ही पंधरवड्यांत तिथी एकपासून मोजायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं, दुपारी बाराला ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी सगळ्यात मागं गेलेलं, आणि या दिवसांत उधाण असल्यामुळं ते बाकी दिवसांपेक्षा जास्त मागं जातं. म्हणून मी सरळ कालनिर्णय काढतो आणि पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या जवळचा शनिवार-रविवार धरतो. ऊन उतरल्यावर खाली जायचं, मोकळ्या वाळूवर फिरायचं, सूर्य बुडायच्या आत वर यायचं. अर्धा तास इकडंतिकडं होतं, आणि कुठल्या दगडापर्यंत जायचं ते तिथल्या माणसालाच विचारायचं. दगडाला वळसा घालून पलीकडच्या बीचला जाणार असाल तर पाणी मागं जात असतानाच निघा, चढत्या पाण्यात नाही. आमचे दाजी एकदा चप्पल हातात घेऊन छातीभर पाण्यातून परत आलेत, मोबाईल गेला ते वेगळंच.

आणि कडा. वरचा जांभा कडक दिसतो, पाय आपटला तरी काही होत नाही, पण त्याच्या खाली मऊ माती असते, ती लाटांनी आणि पावसानं आतून खाल्ली जाते आणि वरचा दगड छज्जासारखा नुसता लोंबत राहतो. वरून बघणाऱ्याला ते कळतच नाही. काठापासून पाच-सहा फूट आत थांबा, दगडात काठाला समांतर भेग दिसली तर अजून मागं, आणि लहान पोरं असतील तर कठडा आहे का हे फोनवरच विचारून घ्या. सेल्फीसाठी टोकावर जायचं नाही म्हणजे नाही. पावसाळ्यात तर सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या सपाट कातळावर, शेवाळ, तिथं मी काठाकडं फिरकतच नाही.

पाण्याचं पण विचारा. जांभा दगड म्हणजे गाळणी, पाऊस पडला की खाली. सड्यावरच्या विहिरी आणि बोअर एप्रिल-मे मध्ये आटतात, मग टँकर. शॉवर कितीही भारी असू दे, बादली भरून ठेवा. आणि लाइट गेली की पंप बंद, तेव्हा इन्व्हर्टर नुसता बल्बला आहे की पंख्याला पण, हेही.

सोबत काय न्यायचं तर कमी न्या. गणपत गल्लीतून आवडीनं घेतलेला चिवडा पुडी फोडून बाल्कनीत ठेवला, तासाभरात लोळागोळा. दमट हवा आहे, स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा पाहिजे. चादरी पण संध्याकाळी हाताला ओलसर लागतात, त्या धुतलेल्या नाहीत म्हणून भांडू नका, ती हवाच तशी आहे. चष्मा पुसायचं कापड, टॉर्च आणि चार कपड्यांचे चिमटे एवढं मात्र न्याच. बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल खाली गेला की तो अरबी समुद्राचा. रात्री वाऱ्यानं दार खडखडत राहतं, एका रात्री मी तीनदा उठलो, शेवटी मालकानं येऊन जुन्या तरुण भारतची घडी केली आणि फटीत दाबून बसवली. आवाज खलास. तेव्हापासून मी एक जुना पेपर बॅगेतच टाकतो.

जेवणाची ऑर्डर सकाळीच द्या. छोट्या हॉटेलात फ्रीज भरून ठेवत नाहीत, सकाळी खालून मासळी येते तेवढीच. सुरमई, पापलेटचा भाव आधी विचारायचा, लाजायचं नाही, नाहीतर बिल बघून तोंड उतरतं. बांगडा सांगा, स्वस्त आणि ताजा. भाकरी मागितली तर तांदळाची मिळणार, आपली जोंधळ्याची नाही. १ जून ते ३१ जुलै मोठ्या बोटींची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत ताजी सुरमई म्हणून कुणी वाढली तर जरा विचार करा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, आयत्या वेळी बटाटाच येतो.

जायचं म्हणाल तर आपल्या वेंगुर्ला रोडनंच, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, साधारण सव्वाशे किलोमीटर, थांबत गेलं तर चार तास. गोव्यातल्या कड्यांवर जायचं असेल तर जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला. पावसाळ्यात निघायच्या आधी घाट चालू आहे का विचारूनच निघा, दरड कधी येईल सांगता येत नाही. कसंही गेलात तरी उजेडात पोचा, कारण शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता काजूच्या बागांतून जाणारा लाल मातीचा असतो आणि मॅप भलत्याच कुणाच्या तरी अंगणात नेऊन सोडतो. सगळ्यांची ओरिजिनल आधार कार्डं घ्या. गोव्यातून येताना बाटल्या आणणार असाल तर परमिट बघा, चेकपोस्टवर गाडी उघडतात आणि आपली केए २२ लांबूनच ओळखतात.

एकच रात्र राहू नका. पहिला दिवस घाटाच्या वळणांत आणि घाम पुसण्यात जातो, दुसऱ्या दिवशी पहाटे मासेमारांचे दिवे परत येताना दिसतात तेव्हा कुठं बरं वाटायला लागतं, आणि तेव्हा चेकआउट करायचं म्हणजे जिवावर येतं. घरी आल्यावर गाडी खालून सुद्धा पाणी मारून धुवा, मीठ बसलेलं असतं.

आणि जाताना मालकासाठी अर्धा किलो कुंदा. लाच म्हणा हवं तर. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी काही न बोलता त्यानं कोपऱ्यातली दोन खिडक्यांची खोली उघडून दिली, आणि किल्ली देताना आधी माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं.