जुन्या रंध्यात छिलका अडकत होता, असा सुटला

नाशिकला गंगेवरच्या (गोदावरीकाठच्या) बुधवारच्या बाजारातून लाकूड तासायचा जुना लोखंडी रंधा घेतला, वजनदार, पातं जाड, धार टिकते, म्हणून जीव जडलाय. पण सागवानावर दोन हात मारले की छिलका रंध्याच्या तोंडातच, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीत, कोंबून बसायचा. तीनदा धार लावली, पातं बदललं, काहीच फरक नाही, डोकं फिरलं होतं.

दोष पात्यावरच्या लोखंडी पट्टीत निघाला. पट्टी पात्यावर आवळून उजेडासमोर धरली तर पट्टी आणि पात्याच्या मधे बारीक फट, छिलका तिथंच घुसत होता. मग पट्टी सोडवून तिची पुढची कड ऑइलस्टोनवर (तेल टाकून धार लावायच्या दगडावर) घासली, मागचं टोक दगडाबाहेर जरा खाली धरून, म्हणजे फक्त पुढची धारच पात्यावर टेकते, आणि उजेड दिसायचा बंद होईपर्यंत घासत राहिलो. परत बसवताना पट्टी पात्याच्या धारेपासून अर्धा मिलिमीटर मागे, स्क्रू घट्ट. शेवटी रंध्याच्या तळाला मेणबत्ती घासली. आता छिलका फळीभर सलग निघतो.