जर्नल क्लब: आधी निकाल झाका

जर्नल क्लब म्हणजे एखादा संशोधन-पेपर सगळ्यांनी मिळून तपासायचा तास. घडतं मात्र असं: एक पीजी (एमडी-एमएस करणारा डॉक्टर) चाळीस स्लाइड्स वाचतो, बाकीचे मोबाइल चाळतात, शेवटी "एनी क्वेश्चन?" आणि शांतता. इंदूरच्या कॉलेजांतही वेगळं घडत नाही. मुलं आळशी असतात असं नाही; उत्तर आधीच सांगून टाकलेलं असतं, मग विचार कशाचा करायचा?

पेपर शोधायला जर्नलपासून सुरुवात करू नका, वॉर्डातल्या पेशंटपासून करा. कोण पेशंट, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत, काय सुधारायला हवं, हे एका वाक्यात लिहा आणि मग शोधा. पहिले दोन-तीन महिने दर वेळी एकच साधी आरसीटी (पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून केलेला ट्रायल) घ्या, सहा-आठ पानांची. नेटवर्क मेटा-अॅनालिसिसनं (अनेक ट्रायल एकत्र तोलणाऱ्या किचकट पेपरनं) सुरुवात केलीत तर पुढच्या वेळी निम्मी खोली रिकामी दिसेल.

पेपर आठवडाभर आधी वाटाच, पण निम्मे वाचून येणार नाहीत हे गृहीत धरा. म्हणून तासातली पहिली १० मिनिटं खोलीतच वाचन. हातात फक्त मेथड्स (अभ्यास कसा केला तो भाग) आणि पहिला टेबल (पेशंट कसे होते ते). रिझल्ट्स, डिस्कशन आणि अॅबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश) काढून टाका. अॅबस्ट्रॅक्ट राहून जातं आणि तिथंच सगळं फुटतं. चार-चार जणांचे गट करा, त्यांत एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओ मिसळा. मग प्रत्येकानं चिठ्ठीवर आकडा लिहायचा: १०० पेशंटमागे किती जणांना फायदा होईल? आकडा लिहिला की माणूस अडकतो, उत्तर ऐकायला सरसावून बसतो.

सरावासाठी १९४८ सालचा स्ट्रेप्टोमायसिनचा ब्रिटिश ट्रायल उत्तम. फुप्फुसाचा टीबी, एकूण १०७ पेशंट. औषध आणि बेड रेस्ट ५५ जणांना, नुसती बेड रेस्ट ५२ जणांना. वाटणी बंद पाकिटांतून झाली. ती का, यावर पाच मिनिटं खुशाल जाऊ द्या. नुसत्या बेड रेस्टवाल्यांना खोटी इंजेक्शनं दिली नव्हती, पण एक्स-रे वाचणाऱ्यांना गट माहीत नव्हता. यानं काय बिघडलं आणि काय वाचलं, हे गटांनीच सांगायचं.

आता निकाल उघडा. सहा महिन्यांत मृत्यू ५५ पैकी ४ आणि ५२ पैकी १४. फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या: ७.३ टक्के आणि २६.९ टक्के, फरक १९.६. एक मृत्यू टाळायला किती जणांना औषध द्यावं लागेल? १०० भागिले १९.६, म्हणजे ५.१, वर धरून ६. यालाच एनएनटी म्हणतात. हाच निकाल "मृत्यू ७३ टक्के घटले" असाही सांगता येतो. दोन्ही बरोबर, पण कानाला दुसरा किती मोठा वाटतो! औषध कंपनीच्या माहितीपत्रकात कोणता आकडा येईल, ते मुलांनाच विचारा.

सर किंवा मॅडम शेवटी बोलतील. सिनियरनं आधी मत दिलं की बाकीचे मान डोलावतात, आणि तास संपतो.

नंतरची १५ मिनिटं "आपला पेशंट यात बसतो का?" या प्रश्नाला. समजा डायबिटीसचा ट्रायल आहे आणि यश एचबीएवनसीवर (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवर) मोजलंय. झाबुआ-अलीराजपूरकडून आलेल्या पेशंटला सिकल सेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, तर लाल पेशी लवकर मरतात आणि एचबीएवनसी खोटं कमी दिसू शकतं. हा मुद्दा बहुतेक वेळा नर्सिंगच्या मुली काढतात, म्हणूनच गट मिसळायचे.

शेवटची आठ मिनिटं एकानं पेशंटचा नातेवाईक व्हायचं. दुसऱ्यानं निकाल त्याला हिंदीत दोन वाक्यांत सांगायचा, "रिस्क रिडक्शन" हा शब्द न वापरता. इथं भल्याभल्यांची दांडी उडते. जो अडतो त्याला पेपर कळलेलाच नसतो. चिठ्ठ्या परत वाटा, आकडा बदलला का ते बघा, आणि प्रश्न, एनएनटी, घेतलेला निर्णय असं अर्ध्या पानावर लिहून वॉर्डच्या बोर्डावर लावा. पोहे-जलेबी त्यानंतर, आधी दिलीत तर वाचन गेलंच.