वैनगंगेवर गळ टाकताना: आधी ठाव, मग चारा

गळाला मासा लागेना की पहिला संशय चाऱ्यावर जातो. मग कोणी कणकेत हिंग घालतं, कोणी गूळ, कोणी मोहफुलं. खरं म्हणजे बहुतेक वेळा चाऱ्यात काहीच खोट नसते, गळ चुकीच्या खोलीवर लटकत असतो.

मासा कोणत्या थरात चरतो हे त्याच्या तोंडाच्या ठेवणीवरून कळतं. कतल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं असतं. तो वरच्या पाण्यातले बारीक जीव खातो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, म्हणून तो तळाचा गाळ चाळतो. रोहू या दोघांच्या मधला, त्याच्या ओठाला झालर असते. एकाच डोहात तिघेही असले तरी एकाच खोलीवर तिघेही लागतील ही अपेक्षा सोडून द्यावी.

काठी वेळूची, साधारण १० फूट लांब, बुंधा अंगठ्याएवढा आणि शेंडा लवचिक. दोरा नुसता शेंड्याला बांधू नये. शेंड्याला गाठ मारून तोच दोरा काठीवरून मुठीपर्यंत आणावा आणि तिथेही बांधावा. शेंडा मोडला तरी मासा हातात राहतो. रोहू-मृगळासाठी ०.३० मिलिमीटरचा नायलॉन दोरा पुरतो. मरळ किंवा शिंगाड्यासाठी ०.४० घ्यावा. गळ ६ किंवा ८ नंबरचा. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे दुकानात ध्यानात ठेवावं.

गाठ मात्र काळजीने मारा. दोरा गळाच्या डोळ्यातून ओवा, मोकळं टोक मूळ दोऱ्याभोवती ५-६ वेळा गुंडाळा, डोळ्याजवळ उरलेल्या फाशातून परत काढा, थुंकीने ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ झटक्यात आवळली तर घासून तापते, नायलॉन तिथे दुबळं होतं आणि मोठा मासा लागला की नेमकं तिथेच तुटतं. शिल्लक टोक २-३ मिलिमीटर ठेवून कापावं.

तरंग्याला, म्हणजे दोऱ्यावर सरकवता येणाऱ्या तरंगत्या खुणेला, ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा बोटभर तुकडा उत्तम. साल काढून आतलं भेंड घेतलं तर आणखी हलका होतो, पण दोन-तीन तासांत पाणी पितो, म्हणून चार-पाच तुकडे सोबत असावेत. गळापासून ६ इंच वर शिशाची गोळी दाबून बसवावी. तरंगा अर्धा पाण्यात उभा राहील एवढंच वजन हवं. वजन कमी पडलं तर तो आडवा पडून राहतो आणि हलका टोचा दिसतच नाही.

आता ठाव, म्हणजे पाण्याची खोली मोजणं. गळाला २०-२५ ग्रॅमचं जड शिसं अडकवून जिथे मासेमारी करायची तिथेच सोडा. तरंगा बुडाला तर पाणी जास्त खोल आहे. तो गळापासून आणखी वर सरकवा. आडवा पडला तर खोली कमी आहे, खाली सरकवा. तरंग्याचा शेंडा जेमतेम पाण्याबाहेर राहिला की ठाव लागला. शिसं काढा. मृगळासाठी तरंगा आणखी २-३ इंच वर घ्या, म्हणजे चारा तळावर टेकतो. रोहूसाठी चारा तळापासून वीतभर उचला. कतल्यासाठी पृष्ठभागाखाली २-३ फूटच ठेवा. जागा हातभर बदलली तरी ठाव नव्याने घ्यावा. रपट्याच्या, म्हणजे नदीवरच्या बुटक्या पुलाच्या, खालच्या बाजूला पाण्याने तळ कोरलेला असतो. तिथे दोन पावलांत खोली दुप्पट होते, आणि मासा बहुधा त्या उताराच्या कडेलाच असतो.

चाऱ्याला २०० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम जवसाची ढेप (तेल काढून उरलेली पेंड) घ्या. ढेप मंद भाजून, कुटून, चाळून मिसळा. पाणी थोडं थोडं घालून घट्ट मळा आणि शेवटी कापसाची चिमूट पिंजून त्यात जिरवा. कापसाचे तंतू गोळी गळावर धरून ठेवतात. गळावर बोराएवढी गोळी लावून बादलीत सोडून पाहा. १० मिनिटं टिकली पाहिजे. आधीच सुटली तर पाणी जास्त झालं. दगडासारखी झाली तर ओढ दिल्यावर गळाचं टोक बाहेरच येत नाही, मासा चारा तोंडात घेऊन सुटतो. बसण्याआधी तांदळाचा कोंडा, थोडी ढेप आणि काठची काळी माती एकत्र मळून संत्र्याएवढे तीन-चार गोळे त्याच जागी टाकावेत आणि अर्धा तास थांबावं. जास्त टाकले तर मासा त्यावरच पोट भरतो.

बारीक मासे टकटक करतात. तेव्हा काठी उचलू नये. मृगळाने चारा उचलला की शिशाचं वजन जातं आणि तरंगा वर येऊन आडवा होतो. रोहू तरंगा तिरका ओढून नेतो. तेव्हा मनगटाने छोटा, ठाम झटका द्यावा. खांद्यातून ओढलं की ओठ फाटतो. काठी उभी धरून शेंड्यालाच जोर खाऊ द्यावा, मासा आडवा झाला की हातजाळीत घ्यावा. शिंगाड्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे टोकदार काटे असतात. त्याला ओल्या फडक्यानेच धरावं.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात कणीक विरते आणि दिसतही नाही. गांडूळ लावावं, धार सोडून कडेच्या भोवऱ्यात गळ टाकावा. पण रोहू, कतला, मृगळ याच दिवसांत अंडी घालतात. पोट फुगलेली मादी आली तर सोडून द्यावी. मरळीच्या पिलांचा तांबूस घोळका दिसला तर तिथे गळ टाकूच नये. त्यांची राखण करणारे आईबाप मारले तर अख्खा घोळका इतर मासे खातात. गळाला कासव लागलं तर तोंडाजवळ दोरा कापून सोडावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या नद्यांतल्या मऊ पाठीच्या कासवांना संरक्षण आहे. सुरुंग आणि विष टाकून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. विजेच्या तारेवर आकडा टाकून नदीत करंट सोडणं तर माणसाच्याही जिवावर बेततं.

गोसीखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला बसणार असाल तर दारं उघडण्याची सूचना गावात विचारूनच उतरा. नदीच्या मधल्या खडकावर बसू नका. पाणी चढलं की आधी काठाकडची वाट बुडते. माजी मालगुजारी तलावांवर (जुन्या जमीनदारांच्या, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या तलावांवर) मासेमारी संस्थांचा ठेका असतो; तिथे त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये.

मे महिन्यात सकाळी ९ च्या आत आणि ५ नंतरच बसावं, भर उन्हात मासा खोल डोहात दडतो. धरलेला मासा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की तासाभरात मऊ पडतो. काठावरच पोट फाडून, कल्ले काढून, धुऊन ओल्या गोणपाटात गुंडाळावा आणि गोणपाट झाडाच्या सावलीत वाऱ्यावर टांगावा.