वर्गातली टिपणे दुसऱ्यासाठी घेताना

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कला शाखेत शिकत असताना मी तीन वर्षे दोन वर्गमैत्रिणींसाठी टिपणे घेतली. एकीला जन्मापासून दिसत नव्हते. दुसरीला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत असे आणि ती समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलणे समजून घेत असे. आता मी खानदेशातल्याच दुसऱ्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. यंदा प्रवेश घेतलेल्या ज्या मुलामुलींना अशा टिपणांची गरज आहे त्यांच्यासाठी, आणि ‘हिला जरा नोट्स देत जा’ एवढ्या एका वाक्यावर ज्यांच्याकडे हे काम येते त्यांच्यासाठी मी हा अनुभव लिहीत आहे.

ज्याला टिपणे हवी आहेत तो अभ्यास टाळू पाहतो, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो. माझ्या कमी ऐकू येणाऱ्या मैत्रिणीच्या शेजारी आठवडाभर बसल्यावर मला खरी अडचण दिसली. ओठ वाचायचे तर नजर सरांच्या चेहऱ्यावरून हलवता येत नाही आणि लिहायचे तर ती वहीकडे वळवावीच लागते. एक ओळ लिहून ती मान वर करी, तोवर तीन वाक्ये निघून गेलेली असत. सर फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की तेवढा भाग तिच्यासाठी बोललाच गेलेला नसे. तिने स्वतः वही मिटून ठेवावी, पूर्ण तास सरांकडे पाहावे आणि लिहिण्याचे काम मी करावे, असे आम्ही ठरवले, आणि त्या दिवसापासून ती तासाला प्रश्न विचारू लागली.

पहिल्या सत्रात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. मी तासाला कच्चे लिहून घेत असे, घरी जाऊन मथळे देऊन ते सुवाच्य अक्षरात उतरवीत असे आणि मला अवांतर वाटलेला भाग गाळत असे. सरांनी पुरवठ्याची लवचीकता, म्हणजे भाव बदलला की पुरवठा किती बदलतो, हे शिकवताना रावेर-यावलकडच्या केळीचे उदाहरण दिले होते. घड एकदा कापला की माल थांबवून ठेवता येत नाही, म्हणून भाव कोसळला तरी त्या दिवसाचा पुरवठा जवळजवळ तेवढाच राहतो, असे त्यांनी समजावले होते. मी फक्त व्याख्या आणि सूत्र लिहिले, केळी वगळली. चाचणीत प्रश्न आला तो नेमका ‘केळीच्या उदाहरणाने स्पष्ट करा’ असा. दृष्टिहीन मैत्रीण तो प्रश्न सोडून आली आणि मला शांतपणे म्हणाली, “काय कामाचं आणि काय बिनकामाचं, ते मला ठरवू दे ना गं.” वर्गात झाले ते सगळे तिच्यापर्यंत पोहोचवणे एवढेच माझे काम होते, त्यातून निवड करण्याचा अधिकार तिचा होता. नव्याने लिहू लागणाऱ्या प्रत्येकाला मी सर्वांत आधी हेच सांगते. मुलांनी विचारलेल्या शंका, सरांनी दिलेली पुस्तकाची पाने, पुढच्या तासाची सूचना, मधेच सगळा वर्ग का हसला, हे सगळे टिपणात यायला हवे. आमचे सर रंगात आले की अहिराणीवर येत आणि ‘हाई ध्यानमा ठेवा’ असे म्हणत. परीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बहुधा त्याच वाक्यानंतर येई, म्हणून मी ते वाक्यही जसेच्या तसे लिहू लागले.

फळ्यावरच्या आकृतीला स्वतंत्र मेहनत लागते. ‘वक्र इथून इकडे सरकला’ हे सरांचे वाक्य न पाहणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी मी असे लिहीत असे: ‘आडव्या अक्षावर नगसंख्या, उभ्या अक्षावर किंमत. मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. किंमत तीच असताना ग्राहकांचे उत्पन्न वाढले, म्हणून संपूर्ण वक्र उजवीकडे सरकला.’ अशी आकृती लिहून काढायला वेळ जातो. तेवढ्या वेळात सर पुढे गेलेले असतात, म्हणून तास संपताच त्यांना थांबवून राहिलेला भाग विचारून घ्यावा. बहुतेक शिक्षक आनंदाने सांगतात.

टिपण कोणत्या रूपात द्यायचे, हे घेणाऱ्यालाच विचारावे. कमी ऐकू येणाऱ्या मैत्रिणीसाठी मी वहीच्या पानाखाली कार्बन ठेवून लिहीत असे. तास संपला की खालची प्रत तिच्या हातात पडे, आणि तिची साडेचारची एस. टी. चुकत नसे. दृष्टिहीन मैत्रिणीला मात्र माझ्या हस्ताक्षराचा फोटो पाठवून उपयोग नव्हता, कारण मोबाइल वा संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे वाचक-सॉफ्टवेअर त्याला केवळ चित्र समजते. मजकूर टाइप करूनच द्यावा लागे, आणि तोही युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षरे मराठी म्हणूनच ओळखता येतील अशा पद्धतीत. एकदा विभागाकडून मिळालेली जुनी टिपणे मी तशीच तिला पाठवली. ती कृतिदेव फॉन्टमध्ये होती. डोळ्यांना ती मराठी दिसत होती, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असल्यामुळे एनव्हीडीए हे मोफत वाचक-सॉफ्टवेअर ती अर्थहीन वाचत सुटले, आणि मला ती सगळी नव्याने टाइप करावी लागली. ध्वनिमुद्रणाचा आधार जरूर घ्यावा, मात्र आधी शिक्षकांची परवानगी घ्यावी. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात आमच्याकडे सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरत असतात आणि मागच्या बाकावरच्या मुद्रणात घरघरीशिवाय फारसे काही उरत नाही, म्हणून मोबाइल सरांच्या टेबलावर ठेवावा.

आता ज्यांना ही सोय हवी आहे त्यांच्याशी थोडे बोलते. कोणाच्या भलेपणावर अवलंबून राहू नका, लेखी अर्ज करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्याच्या कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी व्यक्तीच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी पुरवायच्या आहेत. परीक्षेतला लेखनिक आणि वाढीव वेळ यांचा त्या कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे, तसा वर्गातल्या टिपणांचा नाही, आणि कार्यालयात नेमका याच मुद्द्यावर अर्ज अडतो. मैत्रिणीच्या पहिल्या अर्जाला ‘आमच्याकडे अशी तरतूद नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले होते. दुसऱ्या अर्जात आम्ही कलम १६ चा उल्लेख केला, कोणत्या विषयाच्या कोणत्या तासाला काय अडते ते नेमके लिहिले, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडली आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मागून घेतला. पंधरा दिवसांत प्राचार्यांनी विभागप्रमुखांना लेखी सूचना दिली. ती सूचना दरवर्षी नव्या शिक्षकांना दाखवता आली, हा तिचा सर्वांत मोठा फायदा.

परीक्षेचा लेखनिक आणि वर्गात टिपणे घेणारा यांत गल्लत करू नये. लेखनिकाने परीक्षार्थी सांगेल तेवढेच उतरवायचे असते, आणि केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटे वाढीव वेळ मिळतो. ही व्यवस्था परीक्षेच्या पुष्कळ आधी करून ठेवावी.

शिकवणाऱ्यांकडूनही थोडी तयारी हवी, हे मला टेबलापलीकडे गेल्यावर कळले. मी आता फळ्यावर लिहिताना बोलत नाही. आधी लिहिते, मग वर्गाकडे वळून बोलते. खिडकीला पाठ करून उभी राहत नाही, कारण मागून उजेड आला की चेहरा काळोखा होतो आणि ओठ दिसत नाहीत. कोणी मागून शंका विचारली तर ती सर्वांसाठी पुन्हा म्हणते. तासाचे मुद्दे आदल्या दिवशी युनिकोडमध्ये पाठवते, त्यामुळे टिपणे घेणाऱ्याला शब्दलेखनात अडकावे लागत नाही.

टिपणे घेणारा आजारी पडतो, लग्नाला जातो, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर थांबतो. म्हणून प्रत्येक विषयाला दोघे जण ठेवावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना वर्षाला १२० तास काम करायचे असते. आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी या लिखाणाचे तास त्यात धरले आणि दुसरी व्यक्ती मिळणे सोपे झाले. प्रत्येक फाइलला विषय आणि तारखेचे नाव द्यावे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या दृष्टिहीन मैत्रिणीने अशा सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर भरून पहिल्या वर्षाला आलेल्या एका दृष्टिहीन मुलाला दिल्या, आणि त्याच्यासोबत पुढे बसायला तयार असलेल्या मुलीला केळीचा किस्साही तिनेच सांगितला.