ऑपरेशन झालं, गाठ निघाली, मग आता रेडिएशन कशाला? नाशिककरांसाठी थोडं सविस्तर

ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टाके निघाले की घरात सगळ्यांना वाटतं सुटलो एकदाचे, आणि मग डॉक्टर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला सांगतात तेव्हा बऱ्याच घरी गाडी अडते. गाठच राहिली नाही तर शेक कशाला, किंवा द्राक्षांचा सीझन होऊ दे मग बघू. प्लीज असं करू नका. गाठ काढली तरी कुठल्याही तपासणीत न दिसणाऱ्या पेशी आजूबाजूला राहू शकतात, रेडिएशन त्यांच्यासाठी असतं. २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये जवळपास १०,८०० बायकांचा एकत्र अभ्यास आला होता, सगळ्यांचं स्तन वाचवून फक्त गाठ काढलेली. रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये १० वर्षांत १०० पैकी ३५ जणींचा आजार परत आला, घेतलेल्यांमध्ये १९ जणींचा. एवढा फरक आहे.

सगळ्यात आधी ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट हातात घ्या, नुसती डिस्चार्ज समरी नको. गाठ किती सेंटीमीटर होती, कडा क्लिअर आहेत का (म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत ना), काखेतल्या किती ग्रंथी तपासल्या आणि त्यातल्या किती पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर असलेल्या, ईआर पीआर (हार्मोनच्या तपासण्या) आणि हर-टू (एका प्रोटीनची तपासणी) काय आलं, एवढं बघा. स्तन वाचवलं असेल तर रेडिएशन जवळपास नेहमीच लागतं. पूर्ण काढलं असेल तर काखेतल्या ४ किंवा जास्त ग्रंथी पॉझिटिव्ह, गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी किंवा कडा क्लिअर नसतील तर सांगतात, आणि १ ते ३ ग्रंथी असतील तरी पुष्कळदा सांगतात. वय ६५-७० च्या पुढे, गाठ लहान, ग्रंथी साफ, हार्मोन (ईआर/पीआर) पॉझिटिव्ह आणि हार्मोनच्या गोळ्या ५ वर्षं नीट घेणार असाल तर कधीकधी टाळताही येतं, पण ते रेडिएशनच्या डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारच्या काकूंनी नाही.

किमो असेल तर सहसा आधी किमो, ती संपल्यावर ३-४ आठवड्यांनी रेडिएशन. किमो नसेल तर जखम भरली की साधारण ४ ते ८ आठवड्यांत.

आता एक गोष्ट जी कोणी नीट सांगत नाही आणि मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे खांदा. रेडिएशनला हात डोक्यावर नेऊन स्थिर झोपावं लागतं आणि ऑपरेशननंतर दुखतं म्हणून बाई हात हलवतच नाही, घरचेही म्हणतात राहू दे, मग खांदा आखडतो आणि प्लॅनिंगचा (शेक नेमका कुठे द्यायचा ते ठरवायचा) सीटी स्कॅन अडकून बसतो. सर्जनने परवानगी दिली की फिजिओला दाखवा, भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम रोज करा, आणि घरच्यांनी पाठीमागे लागून करून घ्या.

प्लॅनिंगच्या वेळी अंगावर खुणा करतात, त्या घासून काढू नका. डाव्या बाजूचं असेल तर हृदय वाचवायला श्वास रोखून देतात का ते विचारा. आता बहुतेक ठिकाणी ३ आठवडे, सोमवार ते शुक्रवार, १५ वेळा असं असतं, गाठीच्या जागेला बूस्ट म्हणजे जादा डोस असेल तर थोडे दिवस वाढतात. मशीनवर काही दुखत नाही, १०-१५ मिनिटांत बाहेर, आणि घरी येऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्या, या मशीनच्या शेकाने त्याला काही होत नाही.

यासाठी मुंबईलाच जायला हवं असं नाही, ऑपरेशन टाटाला झालं असलं तरी तिथल्या डॉक्टरांना विचारून शेक नाशिकमध्ये घेता येतो, मुंबई नाक्याजवळ एचसीजी मानवता आहे, पेठ रोडला नामको आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन सुरू करायच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा, मंजुरी आधी लागते. सुरगाणा, कळवणहून रोज जाऊन येऊन फार दमायला होतं, त्यामुळे जमलं तर तेवढे दिवस नातेवाइकांकडे राहा, नाहीतर सकाळचा स्लॉट मागून घ्या.

त्वचा लाल किंवा काळपट होते, थकवा येतो. सैल सुती कपडे घाला, तारेची ब्रा नको, काखेत ब्लेड नको, हळद किंवा घरगुती लेप तर अजिबात नको. साध्या पाण्याने आंघोळ करून टॉवेलने अलगद टिपा. एप्रिल-मेच्या उन्हात मळ्यात जाणं बंदच ठेवा. संपल्यावरही एक-दोन आठवडे त्वचा जास्त चिडलेली दिसते, घाबरू नका, पण साल निघून ओलं झालं, ताप आला किंवा हात सुजला तर लगेच फोन करा. आणि नंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी कोरडा खोकला किंवा दम लागायला लागला तर नुसतं खोकल्याचं औषध घेत बसू नका, रेडिएशन झालंय हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. स्तन वाचवलेल्यांनी ६ ते १२ महिन्यांनी पहिली मॅमोग्राफी करायची, मग दरवर्षी, आणि हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करायच्या नाहीत.