व्होकोडर वापरताना या चुका टाळा

गणेशोत्सव जवळ आला की गिरगाव-लालबागच्या वाद्यवृंदांच्या तालमींत व्होकोडरबद्दलची (सिंथेसायझरला माणसासारखे बोलायला लावणाऱ्या उपकरणाबद्दलची) एक तक्रार हमखास ऐकू येते: माइकमध्ये कितीही बोलले तरी वाद्यातून काहीच बाहेर पडत नाही. बहुतेक वेळा यात बिघाड नसतो. व्होकोडर आपला आवाज वाजवत नाही, तो आवाजाचा केवळ आकार घेतो आणि प्रत्यक्ष नाद सिंथेसायझरकडून मिळवतो; म्हणून पट्टी दाबलेली नसेल, तर बोलणे व्यर्थ जाते.

बेल लॅब्सच्या होमर डडली यांनी १९३०च्या दशकात ही रचना केली, ती टेलिफोनच्या तारेवरून बोलणे कमी जागेत पाठवता यावे म्हणून. बोलण्याचे खर्जापासून टिपेपर्यंत अनेक बँड (कंपनसंख्येचे पट्टे) पाडायचे, प्रत्येक बँडमध्ये क्षणोक्षणी किती जोर आहे ते मोजायचे आणि सिंथेसायझरच्या नादाचेही तसेच बँड पाडून त्यांचा जोर त्या मोजमापाप्रमाणे कमी-जास्त करायचा, एवढेच हे काम आहे. यावरून दुसरी चूक लक्षात येते. पुष्कळजण मूळ नादासाठी बासरीसारखा मऊ साइन वेव्ह निवडतात. ४४० हर्ट्झच्या साइनमध्ये ४४० हर्ट्झशिवाय काहीच नसते, त्यामुळे बाकीच्या बँडना उघडण्यासारखे काही मिळत नाही. सॉटूथमध्ये (करवतीच्या दातांसारख्या लहरीत) ८८०, १३२०, १७६० अशी स्वरांची रांगच असते, तोच निवडावा.

मराठी शब्दांची खरी परीक्षा मात्र ‘स’ आणि ‘श’ यांच्यापाशी होते. ‘सागर’ म्हटले की ‘आगर’ ऐकू येते, ‘शाळा’ची ‘आळा’ होते. या व्यंजनांत सूर नसतो, असते ती वरच्या पट्ट्यातली, ‘स’च्या बाबतीत साधारण ४ हजार हर्ट्झच्या पुढची हवेची सळसळ, आणि सॉटूथचा नाद तिथवर पोहोचेपर्यंत क्षीण झालेला असतो. उपाय दोन आहेत: मूळ नादात थोडा नॉइज (सूर नसलेली सळसळ) मिसळावा, किंवा वाद्यात सोय असल्यास माइकचा वरचा पट्टा थेट बाहेर सोडावा. २००२ साली आलेल्या मायक्रोकॉर्गसारख्या ८ बँडच्या वाद्यावर तर शब्द सावकाश आणि ठसठशीत उच्चारणे याला पर्यायच नाही. माइक ओठांजवळ धरावा, नाहीतर शेजारचा ढोलही बोलू लागतो.

आता साठवणीकडे वळतो, कारण मी स्वतः तिथेच फसलो आहे. एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री दोन तास खपून मी एक पॅच (वाद्यात साठवायची आवाजाची जुळणी) जुळवला आणि दुसरा कसा वाटतो हे पाहण्यासाठी क्रमांक बदलला. परत आलो तेव्हा जुनाच पॅच समोर होता. आपण बटणे फिरवतो तेव्हा बदल होतो तो तात्पुरत्या स्मृतीत. ‘राइट’ (जतन) केल्याशिवाय तो कायमच्या स्मृतीत उतरत नाही, आणि राइट प्रोटेक्ट (जतन रोखणारी सोय) चालू असेल तर तेव्हाही नाही.

जे उतरते, त्यातही आपले बोलणे नसते. पॅच म्हणजे फिल्टर, बँडचे जोर, स्वराची चढ-उतर यांच्या आकड्यांची यादी. गोठवून ठेवलेला स्वर काही वाद्ये जतन करतात, तोही बँडच्या जोरांच्या रूपात. माइकचा गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) हे बहुतेक वाद्यांवर साधे फिरते बटण असते आणि त्याची जागा पॅचमध्ये जात नाही. दादरच्या खोलीत जुळवलेला पॅच सभागृहात मिणमिणता वाटला, तर आधी ते बटण तपासावे. त्याची जागा कागदावर लिहून ठेवणे उत्तम.

जुन्या वाद्यांत ही स्मृती एका ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर टिकते. सेल संपला की पॅच जातात, आणि सेल काढला तरीही जातात. म्हणून लॅमिंग्टन रोडवर नवा सेल आणायला निघण्यापूर्वीच मिडीवरून (वाद्य संगणकाशी जोडणाऱ्या जोडणीवरून) सिस्टिम एक्सक्लुझिव्ह डंप, म्हणजे सगळ्या पॅचची प्रत, संगणकात घ्यावा. जुन्या पाच पिनांच्या मिडीचा वेग सेकंदाला ३,१२५ बाइटच असल्याने सगळे पॅच यायला वेळ लागतो. मध्येच वायर काढू नये. काही सॉफ्टवेअर डंपचे संदेश गाळून टाकतात, तेव्हा ती गाळणी आधी बंद करावी. आलेल्या फाइलमध्ये पहिला बाइट एफ-शून्य (F0, संदेशाची सुरुवात) आणि शेवटचा एफ-सात (F7, संदेशाचा शेवट) आहे ना, हे पाहावे. एफ-सात नसेल, तर डंप अर्धवट आहे आणि सेलला अजून हात लावू नये.