एमएनडीच्या रुग्णाचा लिपिड रिपोर्ट: कसा वाचायचा आणि ताटात काय बदलायचं

लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या रिपोर्टवर टोटल कोलेस्टेरॉल २४० येतं, आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो, आणि त्याच संध्याकाळी घरातली तुपाची बरणी वरच्या फळीवर जाते. मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी झिजत जाण्याचा आजार (एमएनडी) झालेल्या माणसाच्या बाबतीत हा निर्णय बहुतेक वेळा उलटा पडतो. या आजारात घटतं वजन हे वाढलेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा फार मोठं संकट आहे. स्नायू वाळत असतात, हात तोंडापर्यंत नीट जात नाही, गिळायला वेळ लागतो, आणि त्यात बऱ्याच रुग्णांचं शरीर नुसतं बसल्या जागीसुद्धा नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा खर्च करतं. अशा वेळी तेल-तूप तोडलं की शरीराची शिल्लक संपायला लागते.

पुढचं सगळं एएलएस या प्रकाराला धरून आहे. एमएनडीचे बहुतेक रुग्ण त्यातच मोडतात.

आकड्यावरून आयुष्य मोजू नका

फ्रान्समधल्या ३६९ रुग्णांचा अभ्यास २००८ साली आला. ज्यांचं एलडीएल ('वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल) आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) यांचं गुणोत्तर जास्त होतं ते इतरांपेक्षा वर्षभराहून अधिक काळ जगल्याचं त्यात दिसलं. जर्मनीतल्या ४८८ रुग्णांच्या २०११ च्या अभ्यासात ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) आणि कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांबद्दल तसंच आढळलं. मात्र इटलीतल्या ६५८ रुग्णांत, २००९ साली, हा संबंध टिकला नाही. तिथे वेगळीच गोष्ट समोर आली: श्वासाची ताकद जसजशी कमी, तसतसे लिपिडचे आकडेही खाली. आम्हाला हेच स्पष्टीकरण जास्त पटतं. जो अजून नीट जेवतोय आणि ज्याचा श्वास शाबूत आहे, त्याचे आकडे वर राहतात. कोलेस्टेरॉल मुद्दाम वाढवलं की आयुष्य वाढतं, असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

युरोपातल्या १४ केंद्रांमधल्या ११,४७५ रुग्णांवरून आजाराचा पुढचा अंदाज बांधण्याचं एक गणित २०१८ साली तयार झालं. त्यात आठ गोष्टी धरल्या आहेत: आजार सुरू झाला तेव्हाचं वय, सुरुवात बोलण्या-गिळण्यापासून झाली का, निदानाला किती उशीर झाला, निदान किती पक्कं आहे, आजार किती वेगाने वाढतोय, श्वासाची क्षमता, सोबत स्मृती-वर्तनाचा आजार आहे का, आणि सी-नाइन-ऑर्फ-७२ या जनुकातला दोष. लिपिड त्यात नाही. तेव्हा रिपोर्ट पाहून कुणी वर्षं सांगायला लागलं तर ते मनावर घेऊ नका.

मग ही तपासणी करायचीच कशाला? आकडा कोणत्या दिशेने सरकतोय हे कळण्यासाठी.

रक्त देताना

दोन रिपोर्टांची तुलना करायची तर दोन्ही वेळा परिस्थिती सारखी हवी. लॅब तीच ठेवा. रात्री नऊला जेवण आणि सकाळी सातला रक्त, म्हणजे दहा तास होतात, तेवढे पुरतात. पाणी चालतं. "बारा तास उपाशी या" असं ऐकून काही घरांत संध्याकाळी सातलाच जेवण उरकतात आणि लॅबमधून परतून नाश्ता होईपर्यंत सकाळचे दहा वाजतात. एमएनडीच्या रुग्णाला पंधरा तास रिकाम्या पोटी ठेवू नका. वजन उतरलेलं असेल किंवा जेवायलाच तासभर लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून उपाशी न राहताच रक्त द्या. टोटल कोलेस्टेरॉल आणि एचडीएल जेवणाने फारसं बदलत नाही, ट्रायग्लिसराइड थोडं वर जातं. ते ४०० च्या पुढे आलं तरच उपाशीपोटी पुन्हा तपासायचं.

एक बारीक गोष्ट सहज निसटते. माणूस आडवा झाल्यावर रक्त थोडं पातळ होतं आणि कोलेस्टेरॉल दहा टक्क्यांपर्यंत कमी येऊ शकतं. मागच्या वेळी लॅबच्या खुर्चीत बसून रक्त दिलं आणि या वेळी तंत्रज्ञाने घरी येऊन पलंगावर घेतलं, तर २२० चं २०० होतं आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. रिपोर्टच्या कोपऱ्यात 'बसून' किंवा 'झोपून' असं पेनाने लिहून ठेवा. ताप, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग झालेला असेल तर तीन-चार आठवडे थांबा, कारण संसर्गातही कोलेस्टेरॉल उतरतं.

त्याच सुईत एसजीपीटी, म्हणजे यकृताची तपासणी करून घ्या, आणि पहिल्या खेपेला टीएसएच (थायरॉइडची तपासणी) व साखरही. थायरॉइड मंदावला तरी एलडीएल चढतं, आणि त्याचा इलाज वेगळा आहे.

हिशेब

समजा टोटल २२०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड २००. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागा, ४० आले. २२० वजा ४० वजा ४०, म्हणजे एलडीएल १४०. एलडीएलला एचडीएलने भागलं की गुणोत्तर ३.५. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही. तेव्हा लॅबला एलडीएल थेट मोजायला सांगा.

आता खरी मेख. सहा महिन्यांत कोलेस्टेरॉल २३० वरून १७० वर आलं, लॅबच्या छापील मर्यादेत बसलं, आणि घरच्यांना वाटतं पथ्य लागू पडलं. औषध बदललेलं नसताना असं झालं तर आधी वजन बघा, मग श्वास. वजन उतरलेलं असेल तर हा 'नॉर्मल' रिपोर्ट उपासमारीचा आहे. वजन तेवढंच असेल, पण सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, सपाट झोपवत नाही, रात्री वारंवार जाग येते, दिवसा पेंग येते, तर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी, लगेच करून घ्या. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. मिरज किंवा कऱ्हाडला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना नुसता शेवटचा रिपोर्ट नेण्याऐवजी सगळे आकडे तारखेनुसार एका पानावर मांडून न्या, शेजारी त्या-त्या महिन्याचं वजन.

वजन कसं घ्यायचं

आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी लघवी झाल्यावर आणि खाण्याआधी. उभं राहता येत नसेल तर बाथरूमच्या काट्याचा उपयोग नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती तोलायचा जो प्लॅटफॉर्म काटा असतो, तसा गावातल्या कुठल्याही आडतीवर किंवा खताच्या दुकानात मिळतो. व्हीलचेअरची चारही चाकं त्यावर मावत नसतील तर वर प्लायवूडची फळी टाका, काटा शून्यावर आणा, मग खुर्ची चढवून ब्रेक लावा. आधी माणसासकट, नंतर रिकामी खुर्ची. वजाबाकी म्हणजे वजन. अंगावर शाल, पायात बूट दोन्ही खेपांना सारखंच असू द्या. पाय सुजलेले असतील तर तशी नोंद करा, कारण सूज खरी घट झाकते.

तुलना आजारापूर्वीच्या वजनाशी करायची. ६२ किलोच्या माणसाचे ३.१ किलो गेले की पाच टक्के झाले. निदानाच्या वेळीच याहून जास्त घट असलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला आहे. ६.२ किलो, म्हणजे दहा टक्के होईपर्यंत पोटात थेट अन्न सोडायच्या नळीचा विषय टाळत बसू नका.

ताट

दिवसाला ४०५ कॅलरींची निव्वळ स्निग्ध भर घालून जर्मनीत २०१ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०२० साली आला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर आयुष्य वाढलं नाही. ज्यांचा आजार झपाट्याने वाढत होता त्यांच्यात फायद्याची खूण दिसली. म्हणून तुपाला औषध समजू नका. वजन टिकवण्याचा तो सर्वांत कमी घासांचा मार्ग आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

४०५ कॅलरी म्हणजे ४५ ग्रॅम, चहाच्या चमच्याने नऊ चमचे. एकदम सुरू केलं तर मळमळ, जुलाब, छातीत जळजळ होते आणि रुग्ण जेवणच नाकारतो. प्रत्येक जेवणाला एक चमचा, दर तीन-चार दिवसांनी एकेक वाढवा. सगळं तूपच नको, निम्मं शेंगतेल असू द्या.

साताऱ्याकडचं उडदाचं घुटं या कामाला उत्तम: दाट, गुळगुळीत, तूप पूर्ण सामावून घेणारं. मिरचीचे तुकडे आणि बिया गाळून काढा, त्यांनी हमखास ठसका लागतो. ज्वारीची भाकरी त्यात कुस्करून दहा मिनिटं मुरू द्या, कोरडा पापुद्रा राहता कामा नये. शेंगदाण्याचं कोरडं कूट भुरभुरवू नका, घशात चिकटतं. तेच पाणी घालून लोण्यासारखं वाटा. भडंग, चिरमुरे, शेव पूर्ण बंद. कंदी पेढा तसाच खायला दिला तर भुगा होऊन घशात उडतो, म्हशीच्या गरम दुधात विरघळवून घट्टसर करून द्या. तासगावचे बेदाणे रात्रभर भिजवून, वाटून, साल गाळून चालतात. पाणी आणि पातळ ताक बऱ्याच जणांना सर्वांत अवघड जातं. नाचणीच्या सत्त्वाने ताक दाट करता येतं.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असेल तर ही भर घालू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. हृदयविकाराचा झटका, स्टेंट किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, चालू असेल तर स्वतःहून सोडू नका. स्टॅटिनने एएलएस होतो किंवा वाढतो हे सिद्ध झालेलं नाही. पण गोळी सुरू झाल्यावर अंगदुखी किंवा पेटके वाढले तर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) तपासून ती चालू ठेवायची का, हे विचारा. सीपीके या आजारातही थोडं वाढलेलं असतं, त्यामुळे एकट्या आकड्यावर निर्णय नको.

रिलुझोल आणि तूप एकत्र नको

रिलुझोल हे एएलएसचा वेग थोडा कमी करणारं औषध. त्याची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असते आणि ती जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची असते. तुपकट जेवणासोबत ती कमी शोषली जाते. ताटातलं तूप वाढवलं की वेळ पाळणं अधिकच महत्त्वाचं. सकाळी साडेसहाला गोळी, आठला नाश्ता. संध्याकाळी साडेसहाला गोळी, आठला जेवण. दुधासोबत देऊ नका. कुटून दिली तर तोंड बधिर होतं आणि पुढचा घास चुकतो, म्हणून कुटण्याआधी विचारा. एसजीपीटी पहिले तीन महिने दर महिन्याला, मग वर्षअखेरपर्यंत दर तीन महिन्यांनी.

नळीतून

पोटात नळी बसवायची तर श्वासाची क्षमता ५० टक्क्यांच्या खाली जाण्याआधी बसवणं सुरक्षित. बसल्यावर नुसतं तेल-तूप नळीत सोडू नका, ते आत चिकटून वाट बुजवतं. आहारतज्ज्ञांनी दिलेल्या मिश्रणात तेल मिक्सरमध्ये एकजीव करा, बारीक गाळणीने गाळा, कोमट असताना हळूहळू द्या. आधी आणि नंतर ३० मिलिलिटर कोमट पाणी सोडा, आणि त्यानंतर निदान पाऊण तास पाठ ३० ते ४५ अंशांवर टेकवून ठेवा.